पहिला हुकूम कोणाचा? पेन ड्राइव्हवरून सुरू होणाऱ्या लॅपटॉपचा इतिहास

लॅपटॉपचे बटन दाबल्यापासून पडद्यावर चित्र येईपर्यंत जे पाच-दहा सेकंद जातात, त्यांचा आपल्या चळवळीशी काय संबंध, असे आमच्या पातूरमधल्या एखाद्या तरुण कार्यकर्त्याने विचारले तर त्यात त्याचा दोष नाही. आपल्याला संगणक शिकवला गेला तो त्या सेकंदांनंतरचा. वर्ड, एक्सेल, प्रिंट. त्याआधी यंत्रात काय घडते, कोण घडवते आणि कोणाच्या परवानगीने, हे शिकवण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

बटन दाबल्यावर प्रोसेसरला काहीच ठाऊक नसते. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये छोटासा प्रोग्राम साठवलेला असतो. पूर्वी त्याला बायोस म्हणत, आता यूईएफआय म्हणतात. तो जागा होतो आणि ठरवतो की संगणक चालवणारी मुख्य प्रणाली कुठून उचलायची: आतल्या हार्ड डिस्कवरून, सीडीवरून की बाहेरून लावलेल्या पेन ड्राइव्हवरून. यंत्रावरचा पहिला हुकूम इथे सुटतो. पुढचे सगळे, म्हणजे कोणती फाइल दिसेल, कोणती लपेल, कोणाला दुरून आत शिरता येईल, हे त्या हुकमानंतर ठरते. म्हणून पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करणे ही केवळ दुकानदाराची करामत आहे असे मानू नका. यंत्राचा मालक कोण, हा प्रश्न तिथे विचारला जातो. आणि मालकीचा प्रश्न आपल्याला नवा नाही.

गंमत अशी की सुरुवातीला हा हुकूम वापरणाऱ्याच्याच हातात होता. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला, तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. फ्लॉपी घालायची, मग संगणक चालायचा. प्रणाली तुमच्या खिशात आणि यंत्र टेबलावर. १९८३ च्या एक्सटी मॉडेलमध्ये १० एमबीची हार्ड डिस्क आली आणि प्रणाली यंत्राच्या पोटात जाऊन बसली. सोय झाली यात शंका नाही. पण पोटात काय असावे हे आता कारखान्यात ठरू लागले.

त्याच काळातली कॉम्पॅकची गोष्ट आपल्या मुलांनी जरूर वाचावी. आयबीएमच्या पीसीचे बहुतेक सुटे भाग बाजारात कोणालाही विकत मिळत होते. फक्त बायोसचा तो छोटा प्रोग्राम आयबीएमच्या मालकीचा होता, आणि त्याच्यावाचून बाकीचे सुटे भाग निरुपयोगी. कॉम्पॅकने दोन गट केले. एका गटाने आयबीएमचा प्रोग्राम वाचला आणि तो काय काय काम करतो एवढेच लिहून काढले. दुसऱ्या गटाने तो प्रोग्राम डोळ्यांनी पाहिलासुद्धा नव्हता. त्याने नुसत्या वर्णनावरून नवा लिहिला. १९८२ च्या नोव्हेंबरात कॉम्पॅकने आपला संगणक जाहीर केला, पुढे इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या आणि मक्तेदारीला तडा गेला. आज तुमच्या-माझ्या घरात स्वस्त संगणक आहे त्याचे एक कारण हे आहे.

एक मक्तेदारी गेली आणि दुसरी आली. मायक्रोसॉफ्टने संगणक बनवणाऱ्या कंपन्यांशी असे करार केले की त्यांनी विकलेल्या प्रत्येक प्रोसेसरमागे पैसे द्यायचे, मग त्या संगणकात मायक्रोसॉफ्टची प्रणाली असो वा नसो. अमेरिकी न्याय खात्याने हात घातल्यावर १९९४ मध्ये ही पद्धत बंद करण्याचे कंपनीला मान्य करावे लागले. तोवर विंडोज म्हणजेच संगणक, हे समीकरण जगभर रुजले होते.

याला उत्तर वेगळ्या दिशेने तयार होत होते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली: कोणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी, वाटावी अशी प्रणाली. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. पण ती हार्ड डिस्कवर बसवणे जोखमीचे होते. जुने सगळे पुसले जाण्याची भीती. २००० साली जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी क्नॉपिक्स आणले. एका सीडीत आख्खी प्रणाली दाबून भरलेली. सीडी घाला, संगणक लिनक्सवर चालेल. सीडी काढून पुन्हा सुरू करा, विंडोज जसेच्या तसे. हार्ड डिस्कला हातही लागत नाही. ‘लाइव्ह’ प्रणाली म्हणतात ती हीच. क्नॉपिक्सआधी असे प्रयत्न झाले होते, पण सर्वसामान्य माणसाला वापरता यावी इतकी सोपी ती याच्यामुळे झाली.

त्याच वर्षी पहिले पेन ड्राइव्ह विकायला आले. आयबीएमच्या नावाने विकल्या गेलेल्याची क्षमता होती ८ एमबी. आज मोबाइलवर काढलेले दोन-तीन फोटो त्यात मावतील. ज्या यूएसबी खाचेत तो बसतो, ती घडवणाऱ्या इंटेलच्या अभियंत्यांमध्ये अजय भट्ट यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. (ज्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, तेच नाव.) पुढे पेन ड्राइव्हची क्षमता वाढली, संगणकांचे बायोस त्यावरून सुरू व्हायला तयार झाले, आणि २००७ नंतर सीडीची खाच नसलेले छोटे लॅपटॉप आल्यावर पेन ड्राइव्ह हाच मुख्य मार्ग ठरला. त्याआधी उबुंटूच्या सीडी टपालाने फुकट घरपोच मिळत, अगदी कोणत्याही गावात. २०११ मध्ये ती सोय बंद झाली. आपल्या किती वाचनालयांनी, किती वसतिगृहांनी त्या मागवल्या? एक दमडी न लागता आलेली संधी आपल्या कानावरूनच गेली नाही. मराठी वर्तमानपत्रांच्या तंत्रज्ञानाच्या पुरवण्या तेव्हा नवा मोबाइल कोणता घ्यावा हे सांगण्यात गर्क होत्या.

आता पातूरकडे येऊ. अकोल्याहून वाशीमकडे जाताना घाट लागण्याआधीचे हे तालुक्याचे गाव. डोंगरात कोरीव लेणी आहेत, शेती आहे, मोलमजुरी आहे. इथे, किंवा बाळापूरला, बार्शीटाकळीला, कुठेही जा, बूटेबल पेन ड्राइव्ह हे तंत्र सगळ्या दुकानदारांना येते. लॅपटॉप बिघडला की पोरगा जातो आणि म्हणतो, “विंडोज मारून द्या.” दुकानदार खिशातला पेन ड्राइव्ह लावतो, एफ १२ दाबतो, अर्ध्या-पाऊण तासात विंडोज बसवतो, चोरीची किल्ली म्हणजे क्रॅक चालवतो आणि चार-पाचशे रुपये घेतो. दुकानदाराला मी नावे ठेवत नाही, त्याचे पोट आहे. पण ज्या क्रॅकला यंत्राचे सगळे अधिकार देऊन आपण आत घेतो, तो कोणी लिहिला हे दुकानदारालाही माहीत नसते आणि आपल्यालाही. तेच तंत्र, तोच पेन ड्राइव्ह, पण त्यातून गुलामीच पुन्हा बसवली जाते.

यात शिक्षणव्यवस्थेचा वाटा मोठा आहे. एमएस-सीआयटी या प्रमाणपत्रावाचून शासकीय नोकरीचा अर्ज अडतो, म्हणून आपल्या घरातल्या मजूर आईबापांनी उसनवारी करून मुलामुलींना तो अभ्यासक्रम करायला लावला. त्यात शिकवले काय? प्रामुख्याने एका कंपनीची प्रणाली आणि तिचेच ऑफिस. राज्याने लाखो विद्यार्थ्यांच्या खर्चाने एका खाजगी कंपनीचे ग्राहक तयार केले, असे मी म्हणतो तेव्हा काही मित्र रागावतात. त्यांनी केरळकडे पाहावे. तिथल्या सरकारने शाळांतले संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेले आणि ते टिकवले.

तामिळनाडूचे उदाहरण तर आपल्याला अधिकच जवळचे. तिथे एल्कॉट या सरकारी कंपनीचे प्रमुख असताना सी. उमाशंकर या दलित सनदी अधिकाऱ्याने २००६ नंतर कार्यालयातले संगणक लिनक्सवर आणले आणि शाळांसाठीही तोच आग्रह धरला. पुढे २०११ पासून तिथल्या सरकारने विद्यार्थ्यांना जे मोफत लॅपटॉप दिले, त्यांत विंडोजबरोबर बॉस लिनक्सही घातलेले होते. हे बॉस लिनक्स, पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने तयार केलेले. म्हणजे महाराष्ट्राच्या दारातली संस्था, आणि उपयोग केला तामिळनाडूने. या उमाशंकरांना २०१० मध्ये निलंबित केले गेले. कारण काय दिले? त्यांचे जातप्रमाणपत्रच खोटे असल्याचा आरोप. आपण भ्रष्टाचाराच्या प्रकरणांत हात घातला म्हणून हे झाले, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे निलंबन मागे घ्यावे लागले. लिनक्समुळे निलंबन झाले असा माझा दावा नाही. पण आपला अधिकारी कितीही वर गेला तरी त्याला खाली ओढायला शेवटी जातीचा कागदच बाहेर काढला जातो, हे नोंदवून ठेवतो.

महाराष्ट्रातही एक प्रयोग झाला, तो फारसा कोणाला आठवत नाही. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या अमेरिकेतून सुरू झालेल्या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट-धनगरवाड्यातल्या छोट्याशा शाळेत झाला. वीसेक मुले, आणि प्रत्येकाच्या हातात हिरवा-पांढरा लॅपटॉप, त्यात लिनक्स. हेतू चांगला होता, मुलांनी तो आवडीने वापरलाही. मात्र या लॅपटॉपच्या आतही कुलूप होते! चोरी होऊ नये म्हणून संस्थेची सही नसलेली प्रणाली त्यावर सुरूच होत नसे. पेन ड्राइव्हवरून स्वतःची प्रणाली चालवायची तर संस्थेकडे किल्ली मागावी लागे. मागितली की फुकट मिळे, हे मान्य. तरी मागावी लागे. दान देणाऱ्याने दिलेल्या वस्तूची किल्ली दात्याकडेच राहते, हा अनुभव आपल्या समाजाला शतकानुशतकांचा आहे. त्याच प्रकल्पातून फुटलेल्या लोकांनी २००९ मध्ये उलटा मार्ग काढला. लॅपटॉप वाटायचेच नाहीत. मुलाला फक्त पेन ड्राइव्ह द्यायचा, त्यात त्याची प्रणाली, त्याचा अभ्यास, त्याची चित्रे. शाळेतल्या कोणत्याही संगणकाला लावला की तो संगणक त्या मुलाचा. आपल्या विहारातल्या अभ्यासिकांना, जिथे एक-दोन जुने संगणक आणि पंचवीस मुले आहेत, ही कल्पना लॅपटॉप वाटपाच्या कोणत्याही राजकीय कार्यक्रमापेक्षा उपयोगाची आहे.

आणि नेमक्या याच वळणावर बाजाराने यंत्राच्या दारावर पहारा बसवला.

२०११ मध्ये यूईएफआयच्या नियमांत ‘सिक्युअर बूट’ हा प्रकार आला. चालू होताना यंत्र तपासते की समोरच्या प्रणालीवर ओळखीची सही आहे का. सही नसेल तर प्रवेश नाही. यामागे खरे कारण होते. विंडोजच्याही आधी जागे होणारे घातक प्रोग्राम थांबवायचे होते. पण सही कोणाची? यंत्रांत पक्की बसवलेली किल्ली प्रामुख्याने मायक्रोसॉफ्टची. २०१२ मध्ये विंडोज ८ आले तेव्हा कंपनीची अट होती की प्रमाणित यंत्रांत हे कुलूप चालू हवे; मात्र साध्या लॅपटॉपमध्ये मालकाला ते बंद करता आले पाहिजे. एआरएम चिपवरच्या विंडोज यंत्रांना ही सवलतही नव्हती. लिनक्सवाल्यांनी आरडाओरडा केला, तो योग्यच होता. शेवटी फेडोरासारख्या मोठ्या वितरकांनी मायक्रोसॉफ्टच्याच सहीचा छोटा प्रोग्राम पुढे ठेवून आत जाण्याची तडजोड स्वीकारली. मग २०१५ मध्ये विंडोज १० च्या वेळी अट बदलली: कुलूप बंद करण्याची सोय द्यायची की नाही, हे कंपनीने आपापले ठरवावे.

हे वाचताना मला महाड आठवते. तुलना जपून करतो. संगणकाचे कुलूप आणि पाणी नाकारणे या एका मापाच्या गोष्टी नाहीत, आणि तसे म्हणणारा माणूस चवदार तळ्याचा अपमान करतो. पण हक्क देण्याघेण्याची रीत पाहा. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद झाला, ओंजळ कोरडीच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपली माणसे प्रत्यक्ष पाणी प्यायली. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला! जोवर कोणी वापरत नव्हते तोवर हक्क कागदावर शाबूत होता. वापरताच तो काढून घेतला. मग सनातन्यांचा दावा, न्यायालयाची मनाई, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडले. दुसऱ्याच्या मर्जीवर टिकलेली सवलत किती दिवस टिकते, हे आपल्याला कोणत्याही संगणकतज्ज्ञाने शिकवायला नको. आज बहुतेक लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट बंद करता येते, पेन ड्राइव्हवरून सुरू करता येते. मोबाइलमध्ये मात्र हा हक्क बहुतांशी गेलेलाच आहे, आणि आपल्या बहुसंख्य घरांत संगणक म्हणजे मोबाइलच.

याच हिशेबात आणखी एक तारीख आहे: १४ ऑक्टोबर २०२५. या दिवशी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात, त्यामुळे साधारण २०१८ च्या आधीचे धडधाकट लॅपटॉप कंपनीच्या लेखी बाद झाले. पुण्या-मुंबईच्या कार्यालयांतून असे लॅपटॉप ढिगाने निघत आहेत आणि सेकंडहँड बाजारातून आपल्याकडे येत आहेत. त्यांना भंगार समजू नका. १६ जीबीचा एक पेन ड्राइव्ह, त्यावर रुफस किंवा व्हेंटॉयने उतरवलेले लिनक्स मिंट, चालू करताना एफ १२ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे जी कळ असेल ती. आधी न बसवताच चालवून पाहा: वायफाय लागते का, आवाज येतो का, मराठी टाइप होते का. पसंत पडले तर बसवा. अडचणीही सांगतो. आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांची श्रीलिपी, हिशेबवाल्यांचे टॅली, काही सरकारी संकेतस्थळांच्या डिजिटल सहीचे डोंगल हे सगळे अजून विंडोजलाच चिकटलेले आहेत. ज्यांचे पोट त्यावर आहे त्यांनी दोन्ही ठेवावे. पण अभ्यासिकेतल्या मुलाला, वाचन आणि लेखन करणाऱ्या कार्यकर्त्याला ही अडचण नाही.

काही जण म्हणतात, हे तांत्रिक लोकांचे खूळ आहे, आंबेडकरी चळवळीचा काय संबंध? १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ तयार नव्हता, हे आपण भाषणात सांगतो. पण बाबासाहेबांनी त्यातून काय केले ते सांगायचे राहून जाते. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ ही पत्रे त्यांनी चालवलीच, शिवाय स्वतःचा भारत भूषण छापखाना उभा केला. लेखणी आपली आणि यंत्र दुसऱ्याचे, हे त्यांना परवडणारे नव्हते. पुढे त्याच छापखान्याचे नाव बुद्ध भूषण झाले, आणि जून २०१६ मध्ये दादरचे आंबेडकर भवन रात्रीतून पाडले गेले तेव्हा तो छापखानाही ढिगाऱ्यात गेला. आज आपली सगळी पत्रके, सगळी भाषणे, सगळ्या याद्या लॅपटॉपमध्ये आहेत. त्या लॅपटॉपचा पहिला हुकूम कोणाचा?

भीमा कोरेगाव प्रकरणात हा प्रश्न माणसांच्या जगण्या-मरण्याचा झाला. जून २०१८ मध्ये अटक झालेल्या रोना विल्सन यांच्या संगणकाची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक संस्थेने तपासली. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुढे आलेल्या तिच्या अहवालानुसार १३ जून २०१६ रोजी ओळखीच्या माणसाच्या खात्यातून आलेल्या ईमेलमधली फाइल उघडल्यावर नेटवायर हे दुरून ताबा देणारे सॉफ्टवेअर आत शिरले, जवळजवळ २२ महिने यंत्र परक्याच्या ताब्यात राहिले आणि ज्या पत्रांच्या आधारे खटला उभा केला ती लपवलेल्या फोल्डरमध्ये बाहेरून ठेवली गेली. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबद्दलही त्याच संस्थेने असाच निष्कर्ष काढला, आणि तुरुंगवासातच ५ जुलै २०२१ रोजी वारलेल्या फादर स्टॅन स्वामींच्या संगणकाबद्दलही. तपास यंत्रणेला हे अहवाल मान्य नाहीत. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरचे आनंद तेलतुंबडे, जे बिग डेटाचे प्राध्यापक होते, त्यांना १४ एप्रिल २०२० रोजी, भीमजयंतीच्या दिवशी, शरण जावे लागले. उच्च न्यायालयाच्या जामिनावर ते नोव्हेंबर २०२२ मध्ये सुटले.

इथे पेन ड्राइव्हचे दोन उपयोग कळतात. पहिला बचावाचा. २००९ पासून टेल्स नावाची लाइव्ह प्रणाली आहे. ती पेन ड्राइव्हवरून चालते, हार्ड डिस्कवरच्या विंडोजला जागेच करत नाही, आणि बंद केली की यंत्रात मागे काही ठेवत नाही. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन आणि त्यांच्याशी काम करणाऱ्या पत्रकारांनी ती वापरली होती. विंडोजमध्ये दबा धरून बसलेला नेटवायरसारखा प्रोग्राम अशा वेळी झोपलेलाच राहतो. मात्र मदरबोर्डच्या चिपमध्येच कोणी शिरले असेल तर टेल्सही काही करू शकत नाही. आणि ओळखीच्या नावाने आलेली कोणतीही फाइल उघडण्याची सवय सोडली नाही तर कोणताही पेन ड्राइव्ह आपल्याला वाचवणार नाही. दुसरा उपयोग पुराव्याचा. जप्त केलेला लॅपटॉप नेहमीसारखा चालू केला की विंडोज स्वतःच शेकडो फाइलींच्या नोंदी बदलते. म्हणून जाणकार तपासनीस डिस्क बाहेर काढून, लिहिणे रोखणारे उपकरण लावून तिची प्रत घेतो, किंवा खास पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून डिस्कवर काहीही न लिहिता प्रत घेतो. मग त्या प्रतीची हॅश काढतो. हॅश म्हणजे आकडे आणि अक्षरांची लांबलचक ओळ. डिस्कवर एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ती ओळ वेगळी येते. भीमा कोरेगाव प्रकरणात जप्तीच्या वेळीच ही हॅश हाती दिली गेली नाही, हा बचाव पक्षाचा मोठा आक्षेप राहिला आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मधील प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशची नोंद करायची आहे, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करायचे आहे. आपल्या वकील मित्रांनी ही दोन कलमे तालुक्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ करून द्यावीत. कार्यकर्त्याने दारात उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला शांतपणे तीन गोष्टी सांगाव्यात: लॅपटॉप इथे चालू करू नका, सील करा, आणि हॅश काढाल तेव्हा तिची नोंद मला लेखी द्या.